परगावाहून आलेल्या आणि सुई घेणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं

सुईने नशा करणाऱ्यांमध्ये काम करायला फील्डवर नवीन आलेल्या पोरापोरींना मी आधीच सांगते, "तुम्ही सुई घेता का?" या प्रश्नाने तोंड उघडायचं नाही. सोलापूर स्टेशनबाहेर असो की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, हा प्रश्न ऐकला की समोरचा तुम्हाला साध्या वेशातला पोलीस समजतो आणि उठून चालू लागतो. आधी विचारा, रात्री झोपता कुठं, जेवणाचं काय, घरी फोन होतो का. बिहारचा असेल तर सरळ हिंदीत बोला. सोलापूरच्या पूर्व भागात "अण्णा" म्हटलं की निम्मं काम होतं. "काय बे" मात्र ओळख मुरल्यावरच. आणि एप्रिल-मेमध्ये भर दुपारी जाऊ नका. त्या उन्हात तुमच्याशी कोण बोलणार?

झोपायची जागा विचारायची ती नुसत्या आपुलकीपोटी नाही. ज्याला आडोसा नाही तो घाईत टोचतो, आणि घाईत शेजाऱ्याची सिरिंज हातात घेतो. नवख्याला मेडिकलवाला सिरिंज देईलच असं नाही. शिवाय चौघांच्या टोळक्यात ज्याचा माल त्याचा पहिला नंबर, परक्याचा शेवटचा. सिरिंज एकच असली की त्या शेवटच्याच्या वाट्याला तिघांचं रक्त येतं.

काबूलमध्ये 2005-06 साली सुईने नशा करणाऱ्यांची तपासणी झाली होती. त्यातले बरेचजण इराण-पाकिस्तानात निर्वासित म्हणून राहून आलेले. एचआयव्ही निघाला 3 टक्क्यांना, हेपटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी यकृताची लागण, जवळपास 37 टक्क्यांना. युद्धातून पळालेला माणूस आणि मजुरीला आलेला माणूस यांना मी एका मापात मोजत नाही. पण तपासणी फक्त एचआयव्हीची करून थांबायचं नाही, हे मात्र त्या आकड्यांवरून पक्कं होतं.

आता खरी मेख. "सुई वाटून घेता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. म्हणून शेवटच्या वेळचं सगळं क्रमाने विचारा. पाणी कुणाच्या बाटलीतलं? माल कशात कालवला? माल गाळायचा कापूस कुणाचा? मग कळतं की सुया चार, पण पाण्याच्या बाटलीचं झाकण एकच. आधी वापरलेली सिरिंज त्यात बुडाली की रक्त झाकणात उतरतं, आणि इतकं थोडं की डोळ्याला दिसत नाही. हेपटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत टिकल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तेव्हा सांगायचं ते असं: दर वेळी नवी सिरिंज, आणि पाणी, झाकण, कापूससुद्धा ज्याचा त्याचा.

गावी राहून आलेल्याला किंवा तुरुंगातून सुटलेल्याला आणखी एक गोष्ट बजावा. मध्ये खंड पडला की अंगाची सवय उतरते, जुनाच डोस जिवावर बेततो. एकट्याने घेऊ नको म्हणावं. ओठ निळे पडले, श्वास मंदावला, हाक मारून उठत नसेल तर 108 लावायचा, तोंडाने श्वास द्यायचा, श्वास चालू झाला की कुशीवर वळवायचं. नालोक्सोन, म्हणजे अफू-हेरॉइनसारख्या नशेचा जादा डोस उतरवणारं औषध, हाताशी असेल तर लगेच द्यायचं. मीठ-पाणी पाजण्यात, थोबाडीत मारण्यात वेळ घालवू नका.

तपासणीला सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला-तपासणी केंद्रात, नुसतं "जा" म्हणून पाठवू नका, सोबत जा. केसपेपरच्या रांगेतूनच माणसं परत फिरतात. त्याच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, 2017 चा कायदाच आहे तसा. हे त्याला आत जाण्याआधी सांगा. हेपटायटिस सी निघाला तर घाबरवू नका. बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो, आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषध फुकट मिळतं. सुई सोडायची तयारी दिसली तर ओएसटीचं, म्हणजे सुईच्या नशेऐवजी द्यायच्या, जिभेखाली ठेवायच्या बुप्रेनॉर्फिन गोळीचं, डॉक्टरांशी बोला. तयारी नसेल तर विषय ताणू नका, पुढच्या खेपेला बघू.

पडलेल्या सुया नुसत्या हाताने उचलू नका, टोपण परत लावू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यातच टाका. तुम्हालाच टोचली तर जागा दाबून रक्त काढायचं नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि तडक सिव्हिल गाठायचं. पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या, गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस पूर्ण घ्यायच्या.