अंघोळीनंतरचे गार झबले आणि सकाळची पळापळ

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत कपाटातले कपडे बर्फासारखे गार लागतात. अंघोळ घालून बाळाला झबलं चढवलं की ते कळवळून रडतं, आणि आपण एका हाताने दुसरा पायमोजा शोधत असतो. साडेआठला पाळणाघर गाठायचं असतं, ते वेगळंच.

मी आता रविवारी रात्री पाच गुंडाळ्या करून ठेवते.

१. दुपटं पसरायचं. कपडे उलट्या क्रमाने ठेवायचे: खाली स्वेटर, टोपडं, पायमोजे, त्यावर झबलं, सगळ्यात वर लंगोट. उघडल्यावर जे आधी लागतं तेच आधी हाताला येतं.

२. दुपट्यासकट गुंडाळी करायची. टोपडं बाहेर जातानाच घालायचं, पण असतं त्यातच.

३. अंघोळीचं पाणी काढतानाच गरम पाण्याची रबरी पिशवी भरून गुंडाळीत सरकवायची. तेल लावून अंघोळ होईपर्यंत कपडे कोमट होतात. दुपटंही ऊबदार, त्यामुळे पुसून झाल्यावर बाळ त्यातच गुंडाळता येतं.

पाळणाघराच्या पिशवीत एक जादा गुंडाळी टाकून ठेवा. शी-शू वेळ सांगून होत नाही.

पिशवीत उकळतं पाणी भरू नका, बूच घट्ट आहे ना ते उलटी करून बघा. कपडे घालण्याआधी पिशवी बाहेर काढा आणि कापड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. बाळाच्या अंथरुणात ती पिशवी कधीच ठेवू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी.