नागपूरच्या शिवारात रानमांजर कसे शोधावे

रानमांजर या नावामुळे बहुतेकांची सुरुवातच चुकते. पेंचला किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याला जाणारे पर्यटक त्याला दाट झाडीत शोधतात; परंतु बाऊल या नावानेही ओळखला जाणारा हा प्राणी उंच गवत, तळ्याकाठची लव्हाळी, झुडपी रान आणि शेतांच्या कडा अधिक पसंत करतो. म्हणून शेतमालकाची परवानगी घेऊन शोध वावरातूनच सुरू करावा. उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य असल्याने, गवताळलेल्या धुऱ्यावर उंदरांची ताजी बिळे आणि जवळच पाण्याचा नाला असेल, तर ती जागा सहसा सोडू नये.

ओलित दिलेल्या गव्हाच्या कडेचा चिखल सकाळी आधी पाहावा. चार बोटे आणि मागे गादी असा गोलसर ठसा असून पुढे नखांच्या खुणा नसतील, तर तो कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा नव्हे. मात्र घरमांजराचा ठसाही असाच, थोडा लहान असतो. त्यामुळे केवळ ठशावरून निर्णय देण्याची घाई करू नये.

प्रत्यक्ष प्राणी दिसल्यास प्रथम शेपटी पाहावी. घरमांजराची शेपटी लांब असते, तर रानमांजराची आखूड, जेमतेम मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत पोहोचणारी, टोकाशी काळी वलये असलेली. पाय लांब, अंग ठिपक्यांविना मातकट आणि उंच कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे छोटे झुपके असतात. हे झुपके दुर्बिणीशिवाय सहसा दिसत नाहीत.

सकाळी किंवा सूर्यास्ताच्या सुमारास, वारा आपल्या तोंडावर येईल असे बसावे. ते दिवसाही फिरते. शिकारीच्या वेळी थबकून कान गवताकडे वळवते आणि मग एकदम उंच उडी घेऊन पुढचे पंजे खाली आपटते. त्या क्षणी आपण हललो, तर पुन्हा दर्शन होणे कठीण.

कापणीच्या वेळी पिल्ले सापडली, तर अंगावरच्या पट्ट्याठिपक्यांमुळे लोक त्यांना बिबट्याचे बछडे समजतात. पिल्ले उचलून घरी नेऊ नयेत, त्यांना दूधही पाजू नये. तेवढ्या भागातील कापणी थांबवावी, कुत्री बांधावीत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसांची वर्दळ थांबली की मादी बहुधा रात्री येऊन एकेक पिल्लू मानेला धरून नेते.