ओढा साफ करायचाय? आधी गाडी ठरवा

ग्लोव्हज, गमबूट, पाणी, फर्स्ट एड हे तुम्ही आणणारच, त्यात वेळ घालवत नाही. जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी ओसरेपर्यंत थांबा. हातापायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नका, उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. त्याला काठावर गोण्या बांधायला बसवा.

आता खरा मुद्दा. जिकडेतिकडे एकच सल्ला असतो, जास्तीत जास्त लोक जमवा. मला हे अजिबात पटत नाही. कचरा काढणं सोपं आहे हो, काढलेला कचरा जाणार कुठे हे अवघड आहे. आमच्या पहिल्या वेळी पन्नासेक माणसं आली, दोन तासात काठावर गोण्यांचा ढीग लागला, गाडी "उद्या येते" म्हणाले आणि आलीच नाही, रात्री कुत्र्यांनी गोण्या फाडल्या, मग पाऊस आला आणि चार दिवसांत निम्मा कचरा परत ओढ्यात. मला अक्षरशः रडू आलं होतं. तेव्हापासून नियम एकच, गाडी कोणती, किती वाजता, कचरा कुठे उतरवणार आणि ते लोक घ्यायला तयार आहेत का, हे फोनवर नाही तर समोर जाऊन पक्कं केल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही. गाडीत मावेल तेवढाच कचरा काढायचा, उरलेला पुढच्या वेळी.

"वेगळं नंतर करू" हेही ऐकू नका. नंतर सगळे दमलेले असतात, कोणी करत नाही. दोघादोघांची जोडी करा, एकाच्या गोणीत फक्त बाटल्या आणि डबे, दुसऱ्याच्या गोणीत बाकी सगळं. बाटलीतलं पाणी आणि चिखल तिथेच झटका, चिखलाने भरलेला माल भंगारवाला घेत नाही आणि वजन उगाच वाढतं. गोणी अर्धीच भरा, ओला कचरा भयंकर जड असतो, कंबर धरते. वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पाकिटांत प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे ती सहसा कोणी रिसायकलला घेत नाही, ती दुसऱ्या गोणीतच टाका. सुया, ब्लेड गोणीत कधीच नाही, झाकणाच्या जाड डब्यात. आणि उरलेलं पेटवून द्यायचं कोणी सुचवलं तर तिथल्या तिथे थांबवा, त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखं विष हवेत जातं.

काठाच्या मातीत रुतलेलं कापड किंवा पोतं ओढून काढू नका, बाहेर दिसतंय तेवढंच कापून घ्या. मुळांसकट माती सुटते आणि काठ ढासळतो. पालापाचोळा, पडलेली लाकडं तशीच राहू द्या, तो कचरा नाही, त्यात किडे, बेडूक राहतात.

शेवटी पाच मिनिटं काढून काय काय सापडलं ते मोजून लिहा. 1986 मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर काही लोकांनी कचरा उचलताना अशीच नोंद ठेवली होती, त्यातूनच आज जगभर होणारी किनारा सफाई उभी राहिली. तुमच्या वहीत एकाच प्रकारचे कप शंभर निघाले तर ते येतात कुठून ते शोधा आणि तिथे जाऊन बोला.

आठवड्याने परत एक चक्कर मारा, एखादी गोणी झुडपात राहिलेली असतेच.