“याले गणित येतच नाही जी” : हे वाक्य घरातून कसं काढायचं

आर्वीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर पालक भेटतात ते अंधार पडल्यावरच, वेचणीहून परतले की. पाचवीतल्या एका मुलाच्या घरी मी अशीच गेले होते. आई चुलीपाशी बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “मॅडम, याले गणित येतच नाही जी. याच्या बापालेही येत नव्हतं.” मुलगा तिथंच बसून ऐकत होता.

मग वेचणीचा विषय निघाला. त्या दिवशी तिनं ४३ किलो कापूस वेचला होता, किलोला ९ रुपये भाव. चुकारा किती झाला, मी विचारलं. “तीनशे सत्त्याऐंशी.” कागद नाही, पेन नाही.

“कसे काढले, ताई?”

“दहानं चारशे तीस झाले. त्यातले त्रेचाळीस गेले.”

म्हणजे शून्यातून हातचा घेऊन केलेली वजाबाकी. तिचा मुलगा दोन आठवड्यांपासून नेमका तिथंच अडला होता.

गणित डोक्यात असतं किंवा नसतं, ही एक समजूत. सरावानं, पद्धत बदलून, कुणाला विचारून ते वाढतं, ही दुसरी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी दुसरीला ग्रोथ माइंडसेट म्हटलं. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांचे पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात हरल्यावर पुन्हा पहिल्यासारखीच कोडी समोर ठेवली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आपल्याच आधीच्या कामगिरीहून मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली.

हे वाचलं तेव्हा मला माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली. तिला मी दोन वर्षं सगळ्यांसमोर हुशार म्हणत आले होते. तिची वही कोरी करकरीत, एक चूक नाही. नीट पाहिलं तर अवघड उदाहरणं तिनं सोडूनच दिली होती. ते माझ्या शब्दांनी झालं, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून ‘हुशार’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही.

आता काय करायचं ते सांगते. सगळ्यात महत्त्वाचं, चूक झाल्याबरोबर लाल रेघ मारू नका, आधी विचारा: “हे कसं केलंस?” चुलीपाशी भेटलेल्या त्या आईच्या मुलानं ४०२ वजा १७८ चं उत्तर ३७६ लिहिलं होतं. वरवर पाहिलं तर वाटतं, याला काहीच येत नाही. त्यानं बोट ठेवून दाखवलं: दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच ठेवले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. चूक होती, पण त्याच्यापाशी एक नियम होता आणि तो तिन्ही घरांत त्यानं नीट पाळला होता. असा मुलगा मठ्ठ नसतो. त्याला दुसरा नियम दिसायला हवा.

तो डोळ्यांनी दिसावा म्हणून आम्ही गेल्या वर्षीची तुराटी घेतली. बोटभर काड्या तोडल्या, दहा-दहाच्या पेंढ्या बांधल्या, दहा पेंढ्यांचा एक मोठा भारा. हातानं करून शिकणं आमच्या वर्धा जिल्ह्याला नवं नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाच आग्रह धरला होता. तर त्या मुलासमोर चार भारे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. आठ सुट्या काढायला सांगितल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मी गप्प बसले. (हे गप्प बसणं शिकवणाऱ्याला फार जड जातं, पण बसाच.) मग त्यानं एक भारा सोडला, दहा पेंढ्या झाल्या. त्यातली एक पेंढी सोडली. आता तीन भारे, नऊ पेंढ्या, बारा काड्या. काढून उरले २२४. “शून्याचे नऊ इथं होतात का!” हे त्याचं त्यालाच सुचलं.

शाबासकी देताना त्यानं जे केलं तेच सांगा: “दशक नव्हता, म्हणून तू शतक सोडलंस.” उत्तर चुकलं असताना नुसतं ‘मेहनत केलीस ना, झालं’ म्हणू नका. तीच चुकीची रीत शंभरदा गिरवून काही हाती लागत नाही, आणि मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं. ‘जमत नाही’च्या जागी ‘अजून जमलं नाही’ म्हणा, पण त्याला जोडूनच विचारा, “आता दुसरं काय करून पाहायचं?”

खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ, खाली नवीन उत्तर, शेजारी ताळा.

एवढ्यानं सगळं पालटेल असं मी म्हणणार नाही. २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ग्रोथ माइंडसेटवरच्या तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्यानं मागे असलेल्या नववीच्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि वेचणीत आठ दिवस शाळा बुडालेल्या मुलाला मानसिकतेवर भाषण तर मुळीच देऊ नका. त्याला ते आठ दिवस शिकवून द्या.

घरच्यांसाठी माझी एकच विनंती आहे. चुकाऱ्याचा, दुधाचा, किराण्याचा हिशेब मुलासमोर मोठ्यानं करा, आणि कसा केला तेही सांगा. त्या आईला मी एवढंच म्हटलं होतं. ती आधी लाजली, “मी काय शिकवू जी, मी अडाणी.” पण रोज रात्री किलो आणि रुपये सांगू लागली.

पुढच्या महिन्यात त्याच मुलानं ७०० वजा २५८ केलं. उत्तर आलं ४५२. ताळा केला तर ७१०. त्यानं रेघ मारली, खाली ४४२ लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात: “पेंढी सोडली पण मोजून घेतली नाही.”