ओटीजी साफ करताय? आधी ती स्प्रेची बाटली खाली ठेवा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नाताळच्या आधीचे आठ, वर्षातून दोनदा माझ्या फोनवर एकाच छापाचे फोटो येतात. ओव्हनचं दार उघडं, आत पांढरं चिकचिकीत काहीतरी फासलेलं, आणि खाली प्रश्न: "ताई, आता काय करू?" मी घरी बेकिंगचे क्लास घेते. केक बसला म्हणून येणारे फोन कमी, ओव्हन साफ करताना बिघडला म्हणून येणारे जास्त.

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा व्हिडिओत असतं. त्यातला ओव्हन परदेशातला, भिंतीत बसवलेला, आतून काळा मिना (काचेसारखा गुळगुळीत कडक थर) चढवलेला. त्याला रात्रभर सोडा फासून ठेवला तरी तो ढिम्म हलत नाही. आपला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) म्हणजे पत्र्याची पेटी. आत बहुधा करडा पातळ पत्रा, त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा थर, आणि वर-खाली उघडे रॉड. त्याची दुखणीही वेगळी.

पाण्याचा फवारा

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग. वसुबारसेचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दोन किलो नानकटाई द्यायची होती आणि ओव्हन आदल्या आठवड्याच्या पनीर टिक्क्याने बरबटलेला. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली, पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकलं आणि आत सगळीकडे फसाफसा मारलं. भिंतींवर, रॉडवर, रॉड जिथे भिंतीत शिरतो त्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोपणावरसुद्धा. मग पुसलं. वरवर कोरडं ठणठणीत. बटण फिरवलं आणि खट्‌कन सगळ्या घराची लाइट गेली. सासूबाईंची मालिका ऐन रंगात आलेली. बोर्डावरचा खटका वर केला, पुन्हा गेली.

रॉडच्या नळीत मधोमध तापणारी नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज अडवते, पण ओल ओढून घेते. टोकाकडून पाणी शिरलं की वीज नळीच्या धातूत झिरपते आणि मेन बोर्डातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका, पडतो. पडतो म्हणून आपण वाचतो. "सारखा पडतो" म्हणून तो काढूनच टाकणारे महाभाग मला माहीत आहेत. त्यात अर्थिंगही धड नसेल तर ओव्हनला हात लावल्यावरच काय ते कळतं.

वायरमनने मीटर लावलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "वहिनी, याला आंघोळ घातली का?" दोन दिवस ओव्हन बाल्कनीत उन्हात. नानकटाई कुकरमध्ये केली: तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, एका वेळी नऊ नग. शेवटचा घाणा रात्री दीडला निघाला.

तेव्हापासून आधी पिन काढते, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओव्हन गार होऊ देते. फडकं बाहेर ओलं करून असं पिळते की एक थेंब पडू नये. रॉडला हात लावतच नाही. त्यावर उडालेलं तेल जाळून टाकायचं: आधी चुऱ्याचा ट्रे रिकामा, मग खिडक्या उघडून रिकामा ओव्हन 230 अंशांवर पंधरा मिनिटं. धूर होतो, होऊ दे. पण समोरून हलायचं नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र

फसफसतं ना, म्हणून लोकांना वाटतं काहीतरी घडतंय. घडत असतं ते एवढंच की सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारत असतात. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड, आणि खाली उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. ढोकळ्याचं पीठ फसफसलं म्हणून त्याने कोणी ओटा घासत नाही. तरी दर बॅचला कोणीतरी विचारतंच, "पण मॅडम, व्हिडिओत तर दोन मिनिटांत निघालं." निघालं नाही हो, मधला भाग कापला.

सोड्याला काम करायला वेळ लागतो, सगळी मेख तिथे आहे. मी अर्धी वाटी खायच्या सोड्यात तीन-चार चमचे पाणी घालते. लेप श्रीखंडाइतका घट्ट हवा. भज्यांच्या पिठासारखा सैल झाला की ओघळून थेट खालच्या रॉडवर. जुन्या टूथब्रशने फक्त डागांवर लावायचा, रॉड आणि त्याची टोकं सोडून. ओव्हनमध्ये पंखा असेल तर त्याच्या जाळीपासूनही लांब. आत काळा मिना असेल तर खुशाल रात्रभर ठेवा. करडा पत्रा असेल तर अर्धा तास बस्स, कारण सोडा ॲल्युमिनियमचा थर काळवंडवतो. अर्ध्या तासाने लेप कडेने पांढरा आणि मधे चहाच्या रंगाचा झालेला दिसतो. त्या रंगात तुमचं तेल आहे. जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, पिळलेल्या फडक्याने पुसा, उरलं तर पुढच्या रविवारी पुन्हा. दोन वर्षांची घाण एका दुपारी काढायला निघणाऱ्यांचा ओव्हनच त्या दुपारी निकालात निघतो.

व्हिनेगर वाया जात नाही. पाच-सहा वेळा पुसूनही पांढरी भुकटी राहते, ती व्हिनेगरच्या ओलसर फडक्याने निघते. पण ते शेवटी.

बाकीच्या चुका, थोडक्यात

तारेची घासणी: काचेला ओरखडे पडतात. दाराची काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असते, ओरखडलेली काच एखाद्या दिवशी तापल्यावर चुरा होऊन खाली येऊ शकते. नारळाची शेंडी वापरा, फुकट आहे.

तापलेल्या काचेवर ओलं फडकं: परिणाम तोच, फक्त लगेच.

बाथरूमचं ॲसिड: यावर मी बोलणारसुद्धा नाही.

कॉस्टिकचा फोम: मिन्याच्या ओव्हनसाठी असतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. आपल्या पेटीत नको.

चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल: कडा वर उचलली गेली की रॉडला चिकटते. ट्रे दर वेळी झटकायला अर्धं मिनिट लागतं.

सगळी भांडी एकाच बादलीत: जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली की छान निघते. पण त्याच पाण्यात ॲल्युमिनियमचा केकचा डबा टाकलात तर काळा होऊन बाहेर येईल. मग चिंच घ्या आणि बसा घासत.

आणि तो तपकिरी डाग

सगळं करूनही भिंतीवर एक गुळगुळीत तपकिरी थर राहतो. चिकट नाही, वास नाही, नखाने निघत नाही. ते तेल तापून-तापून रोगणासारखं घट्ट झालेलं असतं. बिडाच्या तव्याला आपण तेल लावून, तापवून मुद्दाम जो काळा थर चढवतो, तोच हा. तव्यावर त्याचं कौतुक आणि ओव्हनमध्ये त्याच्यामागे पत्रा झिजेपर्यंत लागायचं, हे मला कधी कळलं नाही. केकला त्याने काहीही फरक पडत नाही.

दाराला दोन काचा असतील तर त्यांच्या मधोमध उतरलेल्या ओघळाचंही तेच. तो काढायला एकीने दाराचे स्क्रू खोलले. काच परत बसली, पण दार आता एका बाजूने बोटभर उघडं राहतं आणि तिचे केक डावीकडे कच्चे निघतात. माझ्या दारातही एक ओघळ आहे, बराचसा गुजरातच्या नकाशासारखा. नव्या बॅचला मी तो पहिल्याच दिवशी दाखवते.