लिव्हरमधला पू गेला, आता आतडं बघा

लिव्हरमध्ये गळू झालं की सुईने किंवा नळी घालून पू काढतात, साधारण 4 ते 6 आठवडे अँटिबायोटिक चालतं, ताप उतरतो आणि फाइल बंद होते. जंतू आले कुठून, हे विचारायचं मात्र राहून जातं.

मोठ्या आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं. आतड्यातल्या गाठीवरचं अस्तर सोललेलं असेल, तर तिथून जंतू रक्तात शिरून लिव्हरमध्ये ठाण मांडू शकतात. त्यामुळे पोटाची काही तक्रार नसतानाही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची पहिली खूण लिव्हरमधला पू असू शकते. बहुतेकांत कॅन्सर निघत नाही, हेही खरं.

आधी कल्चरचा (पू किंवा रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) रिपोर्ट मागा. गळू अमीबाचं (एकपेशीय परजीवी) असेल तर वाट वेगळी. पित्तनलिकेतले खडे किंवा अपेंडिक्स असं ठोस कारण सापडलं, तर बहुधा उत्तर मिळालं. कारणच नाही आणि कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतू, तर कोलोनोस्कोपीचा (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा. डायबेटिस असला की ‘शुगरमुळे झालं’ म्हणून हा प्रश्न हमखास गुंडाळला जातो. रक्तात स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस (जुन्या रिपोर्टात ‘बोव्हिस’) हा जंतू निघाला, तर आतड्याची तपासणी टाळूच नका.

सीटी स्कॅनमध्ये आतडं ठीक दिसलं म्हणून थांबू नका. लहान गाठ त्यात सुटते. शौचातल्या रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली तरी तेच.

ताप-इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर कोलोनोस्कोपीची तारीख घ्या. शौचातून रक्त जात असेल, हिमोग्लोबिन घसरत असेल, तर लवकरची मागा. लोहाच्या गोळ्या 5 ते 7 दिवस आधी बंद करतात, नाहीतर आतडं काळं दिसतं. रक्त पातळ करणारी औषधं आणि इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पोट साफ करायचं औषध दोन भागांत घ्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीआधी 4 ते 6 तास. शेवटी फक्त पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. गढूळ पडत असेल तर निघण्यापूर्वी फोन करून सांगा, कारण चिकटलेल्या मळाखाली गाठ लपते.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) पोचली का, आणि आतडं किती स्वच्छ होतं. पोचली नसेल तर तपासणी अर्धवट धरा.

आणि औषधं संपल्यावर सोनोग्राफीत लिव्हरमधली पोकळी आकसत नसेल, तर बायोप्सीबद्दल (तुकडा काढून तपासणं) विचारा. आतून कुजलेली कॅन्सरची गाठही गळवासारखीच दिसते.