दिव्यांग दाखला आणि सुनावणी : या चुका टाळा

सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांग दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांचा बोर्ड असतो त्या दिवशी मी अर्जदारांच्या मदतीला जाते. माणसांचं दुखणं खरं असतं, तरी दाखला अडतो आणि कारणं बहुतेक वेळा तीच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डॉक्टरांपुढे ‘बरं आहे’ म्हणणं. मानसिक आजार असलेल्या एका तरुणाला त्याची आई दाढी करून, नवा शर्ट घालून घेऊन आली. डॉक्टरांनी विचारलं, “स्वतःचं स्वतः करतो का?” आई म्हणाली, “करतो की. देवाच्या दयेनं आता चांगलाय.” खरं तर आंघोळीला त्याला हाताला धरून न्यावं लागायचं, गोळ्या तीच द्यायची आणि कुणी घरी आलं की तो आतल्या खोलीत जाऊन बसायचा. मानसिक आजाराचं मोजमाप ‘आयडियाज’ मापनपट्टीवर होतं. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना गुण असतात; वर आजार किती वर्षांचा, त्याचे. आईच्या ‘करतो की’नं पहिल्याच रकान्यात शून्य पडलं, दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली गेली आणि दिव्यांग म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळायची वाटच बंद झाली. परक्या माणसांसमोर लेकराचं उणं सांगवत नाही, हे मला कळतं. पण बोर्ड घरी येऊन बघत नाही.

म्हणून मी आधीचा महिनाभर वही ठेवायला लावते. रोज दोन ओळी पुरतात : कोणी उठवलं, कोणी भरवलं, गोळी कोणी दिली, रात्र कशी गेली. चांगला दिवस असेल तर तोही लिहायचा. नुसते वाईट दिवस भरलेल्या वहीवर अनुभवी डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. फुगवून सांगणाऱ्यांना मी मदत करत नाही. लबाडीनं सवलत घेणाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय त्याच्यामुळे पुढच्या दहा खऱ्या माणसांकडे संशयानं बघितलं जातं.

टक्क्यांची सरळ बेरीज करू नका. पायाचे ५० आणि नजरेचे ३० मिळून ८० होत नाहीत. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणून ९० नं भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. इथे ६३ येतात. ८० ची अट असलेल्या केंद्राच्या पेन्शनसाठी धावपळ करण्याआधी हे गणित करा.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्केच धरतात. नजर चष्म्यासह तपासतात, चष्मा घेऊन या.

गेटवरच्या एजंटाला पैसे देऊ नका. सरकारच्या ‘स्वावलंबन’ या वेबसाइटवरचा दाखल्याचा अर्ज फुकट आहे. एजंट स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, मग तपासणीच्या तारखेचा मेसेज त्यालाच जातो. घाई करणाऱ्यांचंच काम इथे सगळ्यात जास्त रखडतं.

दाखला नाकारला की लोक चिडून घरी जातात. नकाराचं कारण लेखी मागा, ते देणं नियमात आहे. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

आता सुनावणी. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांपर्यंत नेली की माणूस जन्मापासूनची कहाणी सांगायला लागतो. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण आदेशात लिहायला काही सापडत नाही. मी लोकांना एका पानावर तारखा मांडायला लावते : अर्ज कधी दिला, कुठल्या टेबलावर दिला, काय उत्तर मिळालं, आज नेमकं काय हवंय. प्रत्येक तारखेसमोर तिचा कागद. पोच नसलेला अर्ज मी त्या पानावर घेतच नाही, कारण समोरचं कार्यालय ‘आमच्याकडे आलाच नाही’ म्हणून मोकळं होतं. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, बाबू कितीही वैतागला तरी.

कार्यालयातली फाईल मागवा, अशी लेखी विनंती करा. कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कलम ८२ नं आयुक्तांना दिलेत. त्यांनी शिफारस केली, तर काय कारवाई केली किंवा का केली नाही, हे त्या कार्यालयानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. शिफारस कार्यालयाला कधी पोचली ती तारीख लिहून ठेवा आणि तीन महिने होताच लेखी विचारणा करा, त्याचीही पोच घेऊन.